आईच्या बोटांचा हिरवा वास

गोठ्याला वळसा घालून आम्ही परड्यात गेलो आणि तो वास आला. करपट, हिरवा, थोडा लिंबाच्या सालीचा, थोडा रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा. कितीतरी वर्षांत तो नाकाशी आला नव्हता, तरी ओळखायला वेळ लागला नाही. मी जागीच थांबले. आई माझ्या पुढे होती. ती काठी टेकत तशीच चालत राहिली आणि शेणखताच्या ढिगाशेजारी भांगेचं झाड उभं होतं तिथं जाऊन थांबली.

सुदाममामाने, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, नव्या तांदळाच्या जेवणाला बोलावलं होतं. आई यायला तयार झाली याचंच मला नवल वाटलं होतं. भोरहून नसरापूर, तिथं एसटी बदलून वेल्हे, आणि पुढे मामाच्या टेम्पोतून तोरण्याच्या पायथ्याचं हे गाव. सगळ्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. भातं कापून झाली होती. खाचरांत नुसती खुंटं उरली होती आणि ऊन त्यांच्यावर असं पडलं होतं की सगळं शिवार नुकतंच कुणीतरी विंचरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

"हे कुणी लावलं?" मी मामीला विचारलं. ती हाताचं पीठ झटकत आमच्या मागोमाग आली होती.

"कोन लावतंय? पाखरं बी टाकत्यात. दरसाली उपटती म्या, दरसाली हितंच येतंय."

आईने हात पुढे केला, पानाच्या अगदी जवळ नेला, आणि लावला नाही.

भांग म्हटलं की लोकांना हसू येतं. कोण कसा हसतच सुटला, कोण झाडाशी बोलत बसला, असले किस्से प्रत्येकाकडे असतात. आमच्या घरात मात्र तो शब्द कुणी हसून उच्चारलेला मला आठवत नाही. भोरच्या आमच्या दोन खोल्यांत तो शब्दच नव्हता. तो फक्त इथं, आजोळी होता, आणि वर्षातून एकदा, शिवरात्रीला, आम्ही त्याच्याकडे यायचो.

शिवरात्रीला डोंगर वेगळाच दिसायचा. पळस पेटलेला असायचा, काटेसावरीची जाड लाल फुलं टप्‌ टप्‌ करत वाटेवर पडायची. आंब्याला मोहोर आलेला असायचा आणि त्याच्या वासाने डोकं जड व्हायचं. ओढ्याकाठी शंभूचं छोटं देऊळ होतं. सकाळपासून तिथली घंटा वाजायची, पिंडीवर दुधाची धार सुरू असायची, आणि बेलाच्या पानांचा, ओल्या दगडाचा, उदबत्तीचा मिळून एक गार वास गाभाऱ्यातून बाहेर यायचा. घराघरांतून रताळी उकडल्याचा, भगरीला फोडणी दिल्याचा वास. आणि आप्पांच्या घरातून हा, हिरवा.

आप्पा म्हणजे आईचे वडील. उंच, वाळकुडे, डोळे कायम लालसर. बोलायचे इतकं सावकाश की एक वाक्य संपेपर्यंत मी अंगणात एक फेरी मारून यायची. गावाच्या शिवरात्रीची वडी त्यांच्या घरी व्हायची. शेजारच्या दोघी-तिघी पाट्यावर बसायच्या. भिजवलेला पाला चोळून चोळून धुतलेला असायचा, तो खसखशीबरोबर वाटला जायचा. वरवंट्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आधी खरखरीत, मग ओला, मग गुळगुळीत, आणि शेवटी जवळजवळ नाहीच. मग चुलीवर तूप, मंद आच, गूळ, वेलदोडा. ताटात थापलेली गडद हिरवी वडी. देवाला नैवेद्य दाखवून ती देवळात जायची. बाप्ये तिथं पारावर बसून खायचे, म्हाताऱ्या बायासुद्धा अंगठ्याएवढा तुकडा पदराआड तोंडात टाकायच्या. आम्हा पोरांना मात्र ताटाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. आम्हाला बडीशेप घातलेलं गोड दूध मिळायचं. ते पिऊन आम्ही उगाच झिंगल्यासारखे चालायचो आणि मोठी माणसं हसायची.

आई त्या दिवशी घरात नसायची. सकाळीच कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन ओढ्यावर जायची. मी एकदा तिच्यामागे गेले होते. ती धुतलेलेच कपडे पुन्हा धूत होती.

आप्पा मला आवडायचे. मला घेऊन ते परड्यात जायचे आणि झाडं दाखवायचे. माणसांशी बोलण्यापेक्षा त्यांना ते सोपं जात असावं. "ह्यो बघ, ह्यो नर. उंच वाढतो, किरकोळ अंगाचा. ह्येला दाण्यागत लोंबतंय न्हवं? त्यातनं पिवळी धूळ उडती. धूळ उडाली का संपलं ह्येचं. वाळून जातो." मग शेजारच्या दाट, बुटक्या झाडाकडे वळायचे. "आन् ही मादी. हिला हात लावून बघ. चिकाट लागतंय? हीच मागं ऱ्हाती. बी धरस्तवर उभी असती." ते पान तळहातावर पसरून दाखवायचे. हाताच्या पंजासारखं, कडेला करवतीचे दात. लहान पानाला बोटं कमी, मोठ्याला जास्त, पण मधलं बोट नेहमीच सगळ्यांत लांब. वाळलेल्या नराची साल सोलून, मांडीवर वळून त्यांनी मला एकदा दोरी करून दिली होती. ताणली तरी तुटायची नाही. मी ती बाहुलीच्या पाळण्याला बांधली. आईने बघितली, सोडवली आणि चुलीत टाकली.

मी खूप रडले. आप्पा ओट्यावर बसून होते. त्यांनी मान खाली घातली.

आप्पा गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर देवळातली वडी बंद झाली, पाट्यावर बसणाऱ्या बायाही एकेक करून गेल्या. आईचं माहेरी जाणं लग्नकार्यापुरतं उरलं. शिवरात्र आम्ही भोरला करायला लागलो. नीरेच्या घाटावर जायचं, दर्शन घ्यायचं, घरी येऊन खिचडी खायची. त्या दिवसाला मग कसलाच वास राहिला नाही.

बाबांना नागीण उठली तेव्हा मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडीखाली झोपून हसत काम करणारा माणूस. एका थंडीत त्यांच्या उजव्या बरगडीवर पुरळ उठलं, पाठीकडून पोटाकडे पट्टा ओढल्यासारखं. औषधपाणी झालं, फोड सुकले, खपल्या पडल्या. सगळे म्हणाले, सुटलात. पण दुखणं गेलं नाही. कातडीला सदऱ्याचा कपडा लागला तरी ते दचकायचे. "विस्तव फिरवल्यागत होतंय गं," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची आणि दुखणं मात्र जागं राहायचं. ते अंगात सदरा न घालता खाटेवर टेकून बसलेले असायचे. जेवण सुटलं. बोलणं सुटलं. चेहरा असा झाला की ओळखीच्या माणसाने दुसऱ्याच कुणाचा चेहरा लावलाय असं वाटावं.

एक दिवस सुदाममामा आला. चहा पिऊन झाल्यावर त्याने पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि आईपुढे ठेवली.

"आक्का, रागावू नगंस. परड्यातला वाळलेला पाला हाय. दाजींना एक डाव करून दे. झोप तरी लागंल."

आईने पुडीकडे बघितलंही नाही. "उचल ते."

"आगं पर..."

"सुदाम, उचल म्हनते ना. माझ्या घरात न्हाई यायचं हे."

मामाने माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मामा उठला, आणि जाताना पुडी भिंतीतल्या देवळीत, दिव्याच्या मागे ठेवून गेला. आईने ती बघितली असणार. तिने फेकली नाही, आणि हातही लावला नाही. मी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, "हे मी सांगू शकत नाही आणि लिहून तर मुळीच देऊ शकत नाही. माझ्या गोळ्यांबरोबर तर अजिबात नको. आणि त्यांना पडू देऊ नका." घरी येऊन मी ते आईला तसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भाजी चिरायला घेतली.

मग शिवरात्रीच्या सकाळी बाबा न्हाणीत गेले. नळ जोरात सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी पडत राहिलं. आई दाराशी गेली, कान देऊन उभी राहिली. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. मी माझ्या बापाला रडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आई परत आली, देवळीतली पुडी काढली, आणि मला म्हणाली, "त्यांच्या गोळ्या आज बाजूला ठेव. आन् पाटा काढ."

तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिने पाला निवडला, काड्या आणि बिया वेगळ्या केल्या, भिजत घातला. मग चोळून धुतला. पाणी गढूळ, तपकिरी निघालं. ओतलं, पुन्हा धुतला. पाणी निवळेपर्यंत ती धूत राहिली. हात असे चालत होते की ते तिचे नसून तिच्याहून कितीतरी लहान कुणाचे तरी आहेत असं वाटावं. पदर खोचून ती पाट्यावर बसली. वरवंट्याचा खरखरीत आवाज सुरू झाला. बाबा खाटेवर येऊन बसले, आणि तो आवाज सुरू असताना आई बोलायला लागली. आमच्याकडे न बघता, पाट्याकडे बघत.

"आप्पांना रोज लागायची. शिवरात्रीची वडी लोकांला दिसायची, रोजची गोळी मला करायला लागायची. आय शेतावर. म्या थोरली. शाळेत जायच्या आधी वाटून ठेवायची. ह्याचा वास बोटांना बसतो तो निघत न्हाई. राखेनं घासा, चिंचेनं घासा. शाळेत पोरी शेजारी बसायच्या न्हाईत. नाक धरायच्या. एका बाईंनी मला मागं, खिडकीपाशी बसवलं. मग म्या जायचंच सोडलं."

वरवंटा थांबला नाही.

"ते मारायचे न्हाईत, शिव्या द्यायचे न्हाईत. गोळी खाल्ली का नुसते ओट्यावर बसायचे. बैल सुटून गेला तरी बसलेले. आय तापानं फणफणली तरी बसलेले. मारलं असतं तर बरं, असं वाटायचं मला. निदान बघितलं तरी असतं माझ्याकडं."

बाबांनी हे पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सांगू शकत होते. इतक्या वर्षांचा संसार, आणि या बाईने शाळा का सोडली हे त्यांना त्या दिवशी कळत होतं. ते म्हणाले, "अगं, राहू दे. नको करूस."

"झालंच आता," आई म्हणाली.

तिने ते तुपात परतलं, दुधात आटवलं, गूळ घातला. घरभर तो वास पसरला आणि मला एकाएकी ओढा आठवला, पळस आठवला. आईने अगदी लहान तुकडा बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो खाल्ला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "काही होत नाही. अजून दे थोडी."

"न्हाई. ही उशिरा येती. न्हाई आली म्हनून मागंमागं खातात आन् मग उताणे पडतात. गप बसा."

ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. दुपार झाली. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं, कावळा पत्र्यावर चालत होता. बाबांचे खांदे हळूहळू खाली आले. ते किती दिवस वर चढून बसलेले होते हे तेव्हा लक्षात आलं. मग ते म्हणाले, "अगं, गंमत बघ."

"काय?"

"दुखणं आहे. गेलं नाही. पण ते माझ्याजवळ नाही, तिकडं पडवीत जाऊन बसलंय. मला दिसतंय इथनं."

आणि ते हसले. जुन्यासारखे, गाडीखालून हसायचे तसे. त्यांनी भाकरी मागितली. आईने करून दिली, तर अजून एक मागितली. मग मांजरासारखे अंग मुडपून, दुखऱ्या कुशीवर हात न ठेवता झोपले. आई त्यांच्याकडे बघत बसली होती. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. त्यात समाधान होतं, पण ते एकटं नव्हतं.

पुडी संपेपर्यंत ते असं चाललं. काही दिवस बरे जायचे, काही नुसते लांबलचक. एकदा बाबांना खाल्ल्यावर भीती वाटायला लागली, छाती धडधडते म्हणाले. आई त्यांचा हात धरून बसली आणि "आलं तसं जाईल, आलं तसं जाईल," असं शांतपणे म्हणत राहिली. लहानपणी हेही तिला करावं लागलं असेल का, हे मी विचारलं नाही.

मामा दुसरी पुडी घेऊन आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आई न्हाणीत हात धूत होती. आधी साबणाने, मग चिंचेने, मग लिंबाच्या फोडीने. तिने बोटं नाकाशी नेली, हुंगली, आणि पुन्हा धुवायला घेतली. बाबा खाटेवरून ते बघत होते.

"इकडं ये," ते म्हणाले.

आई ओल्या हातांनी आली. बाबांनी तिचे दोन्ही हात धरले, बघितले, आणि सोडले नाहीत. मामा पुडी हातात घेऊन दाराशी उभा होता. त्याला ते म्हणाले, "सुदाम, परत घेऊन जा ती. माझं काम झालं."

"दाजी, आजून दुखतंय न्हवं तुमचं?"

"दुखतंय. ते माझं मी बघतो. हिच्या हाताला हा वास पुन्हा लागायला नको."

आई म्हणाली, "मला काय न्हाई त्याचं. तुमी झोपता, ते बघवतं तरी."

"मला नाही बघवत," बाबा म्हणाले.

एवढंच झालं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. बाबा संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून नीरेच्या काठी येऊन बसायला लागले. गार वारा बरगडीला लागला की बरं वाटतं म्हणायचे. पावसाळा आला, गेला. दुखण्याची धार हळूहळू बोथट झाली. पूर्ण गेलं नाही, पण त्यांनी त्याला घरात एक कोपरा दिल्यासारखं केलं. ते पुन्हा डेपोत गेले, निवृत्त झाले, नातवंडांना खेळवलं. काही वर्षांपूर्वी एका दुपारी, जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. कुठल्या कुशीवर होते, हे आईने मला आपण होऊन सांगितलं. उजव्या, दुखऱ्या.

परड्यात ऊन आता तिरपं झालं होतं. झाडाभोवती चिलटं फिरत होती. मामी म्हणाली, "आक्का, उपटून टाकू का? तुमास्नी आवडत न्हाई, ठावं हाय मला."

"राहू दे. बी धरलंय त्यानं. होले-पारवे येतील खायला."

मामी भाकऱ्या बघायला आत गेली. आई गोठ्याच्या कट्ट्यावर बसली आणि मी तिच्या शेजारी. आतून नव्या भाताचा, आंबेमोहोराचा वास यायला लागला होता. आई त्या झाडाकडेच बघत होती. पण तिच्या तोंडावर तो जुना ताठरपणा दिसत नव्हता. मला वाटलं ती बाबांबद्दल काही बोलेल.

"आप्पा," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. तिने हे नाव स्वतःहून घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"शिवरात्रीला ते देवळातनं घरी यायचे ना, तवा लई हळू झालेले असायचे. त्या एकाच दिवशी मला हाक मारायचे. ओट्यावर पुढ्यात बसवायचे आन् माझी वेणी घालायचे. तेल लावून, फणीनं भांग पाडून. त्यांला काय येतंय? पेड सुटायचे, पुन्यांदा घालायचे. दिवस मावळस्तवर चालायचं ते."

"तू कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"काय सांगायचं? वाकडीतिकडी वेणी व्हायची." ती जराशी हसली. "आय म्हनायची, सोड ती, नीट घालून देते. पर म्या सोडायची न्हाई. आपोआप विस्कटस्तवर तशीच ठेवायची."